संहिता की अक्षरांची रांग?

बायबलविषयीच्या एखाद्या लोकप्रिय दाव्याचे खंडन विज्ञानाने केले, की संहितेच्या अभ्यासकाला त्यात बोलण्यासारखे काही उरत नाही, असा एक सोयीचा समज अभ्यासविश्वात रूढ आहे. 'बायबल कोड' या नावाने गाजलेले प्रकरण हा समज किती महाग पडतो हे दाखवून देते.

१९९४ मध्ये 'स्टॅटिस्टिकल सायन्स' या संख्याशास्त्राच्या मान्यवर नियतकालिकात दोरोन विट्झटुम, एलियाहू रिप्स आणि योआव रोझेनबर्ग यांचा निबंध प्रसिद्ध झाला. 'उत्पत्ती' या पुस्तकाची हिब्रू अक्षरे शब्दांमधील जागा काढून सलग मांडावीत आणि दर वेळी ठराविक संख्येची अक्षरे ओलांडत वाचावे. म्हणजे त्या पुस्तकानंतर कित्येक शतकांनी होऊन गेलेल्या रब्बींची नावे त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखांच्या निकट आढळतात आणि हे योगायोगाने घडणे जवळजवळ अशक्य आहे, असा हा दावा होता. संपादकांनी तो वाचकांपुढे एक कोडे म्हणून ठेवला. मायकेल ड्रॉस्निन या पत्रकाराने मात्र १९९७ मध्ये त्यावर भविष्यकथनाचा इमला उभारला. इत्झाक राबिन यांच्या १९९५ मधील हत्येची सूचना संहितेत दडलेली होती, असे सांगणारे त्याचे पुस्तक जगभर खपले. या भविष्यकथनाला आपला पाठिंबा नाही, असे खुद्द रिप्स यांना जाहीर करावे लागले. १९९९ मध्ये 'द ओमेगा कोड' हा चित्रपटही येऊन गेला.

खंडन झाले, आणि चांगले झाले. 'मोबी डिक'मध्ये एखाद्या पंतप्रधानाच्या हत्येचा संदेश शोधून दाखवा, असे आव्हान ड्रॉस्निनने दिले होते. ऑस्ट्रेलियन गणितज्ञ ब्रेंडन मॅके यांनी त्याच पद्धतीने मेल्व्हिलच्या कादंबरीतून इंदिरा गांधींच्या हत्येसह अनेक हत्या काढून दाखवल्या. पुढे १९९९ मध्ये मॅके, द्रोर बार-नातान, माया बार-हिलेल आणि गिल कलाई यांनी त्याच 'स्टॅटिस्टिकल सायन्स'मध्ये मूळ निबंधाचा पायाच उखडला. रब्बींची कोणती नावे व उपाधी घ्यायच्या, तारखा कोणत्या रूपात लिहायच्या, या निवडीत इतकी मोकळीक होती, की 'वॉर अँड पीस'च्या हिब्रू भाषांतरातूनही तसाच 'चमत्कार' घडवता आला.

येथवर सारे ठीक. आक्षेप आहे तो यापुढील मौनाला. गणितज्ञांनी दावा खोडला. परंतु संहिता म्हणजे अक्षरांची एक निश्चित, कालातीत रांग होय, हे त्या दाव्यामागील गृहीत त्यांना खोडण्याची गरज नव्हती. ते काम आपले होते. मूळ निबंधाने मोजलेली ७८,०६४ अक्षरे कोठली? जेरुसलेममध्ये विसाव्या शतकात छापलेल्या कोरेन आवृत्तीची. हिब्रू बायबलचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने संपूर्ण हस्तलिखित, लेनिनग्राड कोडेक्स, सुमारे १००८ मधील आहे. स्वर दाखवण्यासाठी 'वाव' आणि 'योद' ही अक्षरे लिहायची की गाळायची, याची रूढी शतकाशतकांत पालटत गेली. १९४७ पासून कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या या बदलांच्या साक्षी आहेत. येमेनी यहुद्यांच्या तोरा-प्रती आणि इतरत्रच्या प्रती यांत आजही काही अक्षरांचा फरक आहे. एक अक्षर वाढले वा गळले, की त्या जागेवरून जाणारी प्रत्येक मालिका तुटते. विशेष म्हणजे परंपरेनेही हे कधी लपवलेले नाही. पूर्ण आणि ऱ्हस्व लेखनाच्या बाबतीत आपण आता जाणकार राहिलेलो नाही, अशी कबुली बॅबिलोनी तालमूदच्या 'किद्दुशीन' या प्रकरणातच आहे.

हे कोणी म्हटलेच नाही असे नव्हे. जेफ्री टिगे यांच्यासारख्या बायबल-अभ्यासकांनी ही बाजू स्पष्टपणे मांडली. पण सार्वजनिक वादात ती तळटीपेसारखी राहिली आणि निर्णायक साक्ष मानली गेली ती गणिताचीच. याचे कारण उघड आहे. लोकप्रिय संस्कृतीने विज्ञानाला प्रामाण्याचे एकमेव पद दिले आहे. श्रद्धेलाही आता संगणकाचे प्रमाणपत्र हवे असते. पाठचिकित्सा हेही पुरावे, तुलना आणि खंडनक्षमता यांवर उभे असलेले शास्त्र आहे, हे आपण समाजाला कधी पटवून दिलेच नाही. सुकथनकरांनी १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ज्या शिस्तीने हस्तलिखितांची कुळे लावली, ती शिस्त ज्या भाषेच्या परिसरात घडली, तेथे तरी हे वेगळे सांगावे लागू नये.

आपल्या मौनाचे दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे. लेखकाचा अभिप्राय गौण, अर्थ हा वाचनातच घडतो, संहिता ही चिन्हांची अनिर्बंध क्रीडा, ही सूत्रे आपण इतक्या सैलपणे वापरली, की ड्रॉस्निनला 'हे वाचन चुकीचे आहे' असे सांगण्याचा अधिकारच आपण गमावून बसलो. अर्थ अनेक असू शकतात, यावरून कोणताही अर्थ चालतो असे निष्पन्न होत नाही. मिद्राशचे भाष्यकारही अक्षरांशी खेळतात. पण तो खेळ शब्द, वाक्य आणि कथा यांच्या कक्षेत राहतो. कोड मात्र आधी शब्द पुसतो आणि मग वाचायला बसतो.

या सगळ्यात गमावले काय, ते बाविसाव्या अध्यायाजवळ थांबले म्हणजे कळते. मोरिया देशातील डोंगरावर अब्राहाम मुलावर सुरी उगारतो. त्या वाटचालीतील बापलेकांचा तुटक संवाद, 'होमासाठी कोकरू कोठे आहे' हा मुलाचा प्रश्न, आणि निवेदकाने जे सांगितलेच नाही ते सारे, यांपैकी कशाचीही कोडला गरज नाही. त्याला तेथे दिसतो तो केवळ अक्षरांचा साठा. संहिता पवित्र मानणाऱ्याची हानी येथे नास्तिक अभ्यासकापेक्षा तसूभरही कमी नाही.

अशा सवंग प्रकारांची दखल घेणे विद्वत्तेला शोभत नाही, असे यावर म्हटले जाईल. परंतु ज्या वाचकासाठी आपण संहिता जपतो म्हणतो, तो वाचक त्याच सवंग बाजारात उभा आहे. 'मोबी डिक'मधून हत्या निघतात हे ऐकून तो हसेल आणि उद्या दुसरा कोड विकत घेईल. संहिता माणसांच्या हातांनी, काळाच्या ओघात, चुकत आणि दुरुस्त होत आपल्यापर्यंत आली आहे, हे जर त्याला उमगले, तर मात्र पुढचा कोड विकणे अवघड होईल. ते समजावणे हे गणिताचे काम नव्हे.