घरचं घरी : होडीची भेग आणि कूलरची टाकी

मैत्रिणींनो, होडी म्हटलं की आपल्या मूर्तिजापुरात कुणाला काय आठवणार? आपण पाणी बघतो ते कूलरच्या टाकीत, आणि मे महिन्यात टाकी गळू लागली की फरशीवर! तरी या खेपेला मी होडीच्या दुरुस्तीबद्दलच लिहिणार आहे. माझी भाची मालवणात दिली आहे. तिच्या सासरी पर्यटकांना फिरवणारी फायबरची मोटारबोट आहे. मागे दोर बांधून, हवा भरलेल्या लांबट फुग्यावर माणसं बसवून ओढतात, ती. दसऱ्यानंतर मी आठ दिवस तिच्याकडे राहून आले.

ही ओढण्याची हौस जुनी बरं का. 1922 साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं पायाला फळ्या बांधून होडीमागे पाण्यावर उभं राहून दाखवलं. फळ्यांची टोकं वळवायला त्यानं ती आईच्या भांड्यात उकळली म्हणे. त्या माउलीला कुणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे!

तर मी गेले तेव्हा बोट अंगणात उलटी पडलेली आणि भाची तोंडाला फडकं बांधून पॉलिश पेपरनं तिला घासते आहे. काय बाप्पा, म्हटलं, हे काय? बोटीच्या मागच्या अंगाला, दोर बांधायचा लोखंडी हूक असतो तिथं, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसत होत्या. जावईबापूंचं म्हणणं, लांबी भरा, वर रंग मारा, दिवाळीची गर्दी तोंडावर आहे. सासूबाई तर म्हणाल्या, ‘बायलमाणसान होडयेक हात लावचो नाय.’ भाची दोघांनाही काही बोलली नाही. तिनं हूक हातात धरून जोरात हलवला, आणि तो हलला. हललेला सगळ्यांनी पाहिला. मग कुणी रंगाचं नाव काढलं नाही.

भेग वरच्या थराला पडते, पण कारण आत असतं, हे मी तिच्याकडून शिकले. हुकाचे बोल्ट नुसत्या फायबरवर आवळलेले होते. दोर ओढला की फायबर वाकायचं, वाकून वाकून तडकायचं. तिनं हूक काढला, आतल्या बाजूनं स्टीलची जाड पट्टी दिली, आणि बोल्ट त्या पट्टीतून आवळले. ताण एका भोकावर न येता सगळ्या पट्टीभर पसरतो. आपण भिंतीत फडताळ ठोकताना स्क्रूखाली वायसर घालतो, तेच तत्त्व.

त्याआधी भेगेचं काम. भेगेभोवती चांगली वीतभर जागा घासून उतार करायचा, खड्डा नव्हे. अ‍ॅसिटोननं पुसून कोरडी ठणठणीत करायची. ओल राहिली की थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. मग काचेच्या धाग्याची चटई कापून, एक लहान, त्यावर मोठी, त्यावर आणखी मोठी, रेझिनमध्ये भिजवून बसवायची, आणि ब्रशनं टोचून टोचून बुडबुडे काढायचे. शंभर ग्रॅम रेझिनला एक ते दोन ग्रॅम हार्डनर पुरतो. जास्त घातला की लवकर होतं असं नाही, मिश्रण तापून धूर निघतो आणि थर तडकतो. एका वेळी वाटीभरच कालवावं. आपल्याकडच्या उन्हात तर सकाळी सातच्या आत उरकावं, नाहीतर वाटीतच दगड होतो.

आता हे नीट वाचा. दुकानदार कधीकधी तीन बाटल्या देतो: रेझिन, जांभळा कोबाल्ट आणि पाण्यासारखा हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. काम उघड्यावर करायचं, स्वयंपाकघरात मुळीच नाही, आणि पोरंबाळं लांब. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाते, म्हणून तोंडाला मास्क. पदराचं काम नाही ते. भाचीचं फडकंही मी सोडायला लावलं.

बाकीची कामं मी तिच्याबरोबर बसून केली. सीटचं रेक्झिन फाटलं होतं, ते उसवून त्याच मापानं नवं बेतलं. साध्या पिना खाऱ्या हवेत गंजतात आणि सीटवर डाग उमटतात, म्हणून स्टीलच्या पिना. खालच्या प्लायवूडच्या कडांना रेझिनचा हात दिला आणि पाणी निथळायला दोन भोकं पाडली. स्कूटरची सीट सारखी ओली राहत असेल तर हे करून बघा. बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा छोटा पंप बंद होता. उघडला तर जाळीत केस आणि दोरे! आपला कूलरचा पंप याच रोगानं मरतो. लाइफ जॅकेटची शिवण तिनं एकेक ओढून पाहिली. चार उसवलेली निघाली, ती वापरातून बाद केली. लोक ती जॅकेटं उशी म्हणून बसायला घेतात, त्यानं आतला फोम दबतो, हे मला माहीत नव्हतं. आणि तळाचं पाणी सोडायचं बूच तिनं दोरीनं इंजिनाच्या किल्लीला बांधून टाकलं. बूच लावल्याशिवाय किल्ली हाती येऊच नये. हे मला फार आवडलं.

या सगळ्यात दिवाळीच्या गर्दीतले पहिले चार दिवस बुडाले. चार दिवसांची कमाई म्हणजे काय, हे तिकडच्यांनाच ठाऊक. पण 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचे जीव गेले होते, ते त्या किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. सासूबाईंनी पाचव्या दिवशी स्वतःच बोटीपुढे नारळ वाढवला.

घरी आल्यावर मी आमच्या कूलरची पत्र्याची टाकी याच रीतीनं सांधली. आधी प्लग काढला, गंज खरवडून पत्रा चकचकीत केला, मग दोन थर. एक मात्र सांगते, प्लॅस्टिकच्या टबाला हे रेझिन धरत नाही, दोन दिवसांत सालपट निघतं. आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून लावू नका. वास गेला पाहिजे म्हणून टाकी दोन दिवस उन्हात ठेवली, तिसऱ्या दिवशी काठोकाठ भरून रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडा होता.