टीव्हीचे कॅप्टन आणि दुय्यम सामन्याचे उस्ताद

गाण्याच्या रिअॅलिटी शोचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतं, तिथं सगळं आधीच ठरलेलं असतं, आपल्या पोरांना कोण विचारतं. दुसरं म्हणतं, गळ्यात दम असला की कुणी अडवू शकत नाही, आदर्श शिंदे बघा, वैशाली माडे बघा. दोन्ही मतं ऐकायला बरी वाटतात, पण दोन्हीतून पुढचा विचार होत नाही. कोण जिंकतं यापेक्षा तिथं शिकवतं कोण, काय शिकवतं आणि शिकणाऱ्याच्या जवळचं काय गळून पडतं, हे बघितलं पाहिजे.

२०१७ च्या नोव्हेंबरात कलर्स मराठीवर 'सूर नवा ध्यास नवा' सुरू झाला. त्यात परीक्षकांना 'कॅप्टन' म्हटलं गेलं. अवधूत गुप्ते, महेश काळे आणि शाल्मली खोलगडे हे तीन कॅप्टन, आणि प्रत्येकाची आपापली टीम. नुसते गुण देऊन मोकळं व्हायचं नाही, आपल्या टीममधल्या गायकाला घडवायचं, अशी ती कल्पना होती. कल्पना चांगलीच होती. लहान गावातल्या मुलाला एरवी ज्यांच्या दारापर्यंत जाता येत नाही, असे कलावंत त्याच्यासोबत बसून एकेक जागा घोटून घेणार, यात वाईट काही नाही.

पण त्या तीन खुर्च्यांकडे नीट बघा. महेश काळे हे पंडित जितेंद्र अभिषेकींचे शिष्य, म्हणजे शास्त्रीय आणि नाट्यसंगीताची परंपरा. अवधूत गुप्ते म्हणजे मराठी पॉप आणि सिनेमा. शाल्मली खोलगडे म्हणजे हिंदी पार्श्वगायन. तिघेही आपल्या कामात पक्के आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. मात्र या तीन खुर्च्या म्हणजे वाहिनीच्या डोळ्यांपुढचा मराठी गाण्याचा नकाशा आहे. त्या नकाशात शाहिरी नाही, जलसा नाही, गायन पार्टी नाही, कव्वाली नाही. ज्या गाण्यानं महाराष्ट्रातल्या लाखो माणसांना साक्षर होण्याआधी इतिहास शिकवला, त्या गाण्याचा कॅप्टन नाही. फेऱ्यांचे विषय आठवून बघा: भावगीत, नाट्यगीत, लावणी, भक्तिगीत, सिनेमातली गाणी, एखादा आठवडा लोकगीतांचा. भीमगीत यातल्या कुठल्या खणात ठेवायचं? भक्तिगीत म्हणावं तर ते देवाचं नाही, लोकगीत म्हणावं तर त्याला कवी आहे आणि त्याचं नावही आपल्याला माहीत आहे.

समाजशास्त्रात बोर्द्यू नावाच्या फ्रेंच अभ्यासकाची 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना शिकवतात. पैशासारखीच अभिरुचीचीही पुंजी असते आणि ती घरातून येते, असं त्याचं सांगणं. एमएला असताना परीक्षेपुरती पाठ केलेली ही गोष्ट मला टीव्हीवरच्या निवडफेऱ्या बघताना जास्त कळली. ज्या घरात पेटी आहे, गाण्याच्या क्लासची फी आहे, त्या मुलाच्या गळ्याला 'तयार' म्हणतात. आपल्या मुलीच्या गळ्याला 'रॉ' म्हणतात. कौतुकानंच म्हणतात, पण त्या एका शब्दात तिचं वीस वर्षांचं शिक्षण शून्य धरलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, आदर्श शिंदे खुर्चीत बसलेच की. बसले, आणि ती मोठीच गोष्ट होती. २०२१ च्या अखेरीस स्टार प्रवाहवर सुरू झालेल्या 'मी होणार सुपरस्टार, छोटे उस्ताद'मध्ये सचिन पिळगावकर आणि वैशाली सामंत यांच्यासोबत आदर्श शिंदे परीक्षक होते. प्रल्हाद शिंदे यांचा नातू, आनंद शिंदे यांचा मुलगा. त्याच वाहिनीवर २०१९ मध्ये 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महामानवाची गौरवगाथा' ही मालिका आली, तिच्या शीर्षकगीताला त्यांचाच आवाज होता. म्हणजे वाहिन्यांना बाबासाहेब चालतात आणि शिंदे घराण्याचा आवाजही चालतो. मग अडतं कुठं?

अडतं ते निवडीत. प्रल्हाद शिंदे कव्वालीतून आले, आयुष्यभर बुद्ध-भीमाची गाणी गायले. पण टीव्हीवर त्यांची आठवण निघते ती पंढरीच्या वाटेच्या गाण्यापुरती. ते गाणं अप्रतिमच आहे, मलाही आवडतं. पण ज्या माणसानं दोन्ही हातांनी दिलं, त्याच्या एकाच हातातलं घ्यायचं आणि दुसऱ्याकडे बघायचंच नाही, ही निवड योगायोगाची नसते. वामनदादा कर्डकांचं तर नावही क्वचित निघतं. प्रल्हाद शिंदे आणि वामनदादा दोघेही २००४ मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं गेले. त्यानंतर जन्मलेली पिढी आज ऑडिशनच्या रांगेत उभी आहे आणि तिच्यासाठी गुरू म्हणजे टीव्हीवर दिसतो तोच.

खरं तर गाण्याची स्पर्धा आपल्याला टीव्हीनं शिकवलेली नाही. वऱ्हाडात, नागपूर भागात 'दुय्यम कव्वाली सामना' ज्यांनी ऐकला असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. (दुय्यम म्हणजे कमी प्रतीचा असं बाहेरच्यांना वाटतं, इथं दुय्यम म्हणजे दोन पार्ट्यांचा.) समोरासमोर दोन पार्ट्या, पेटी, ढोलक, बेंजो, मागे टाळीवर कोरस. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. विषय काय? पुणे करार, मनुस्मृतीचं दहन, हिंदू कोड बिल, सिद्धार्थाचं गृहत्याग. नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला परिषद झाली, अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न तिथं गाजला, हे मी पुस्तकाआधी गाण्यातून ऐकलं. रात्रभर ऐकणारी माणसं हेच परीक्षक. दहा-वीसच्या नोटेसोबत नाव पुकारलं जायचं, आणि साल चुकलं तर पहिल्या रांगेतला म्हातारा भर कार्यक्रमात गायकाला थांबवायचा.

नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांचं नाव विदर्भात आजही आदरानं घेतात ते या शाळेमुळं. त्याच्याही आधी भीमराव कर्डकांच्या पिढीनं सत्यशोधकी जलशाची वाट पुढे नेत आंबेडकरी जलसा उभा केला. शर्मिला रेगे यांनी या गायन पार्ट्यांचा आणि जयंतीला विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांचा अभ्यास गांभीर्यानं केला. विद्यापीठांनी त्याची दखल घ्यायला फार उशीर लावला.

या दोन स्पर्धांमधला मला सगळ्यात मोठा वाटणारा फरक असा: टीव्हीच्या स्पर्धेत कुणी लिहीत नाही. गाणं आधीचं, चाल आधीची, मूळ गायकाच्या किती जवळ गेलात यावर वाहवा. दुय्यम सामन्यात गाणारा स्वतः रचतो, नाहीतर शेजारी बसलेला शायर तिथल्या तिथं कडवं जोडून देतो. तिथला उस्ताद शिष्याला आवाज तर देतोच, पण काय बोलायचं हेही देतो. रिअॅलिटी शोचा कॅप्टन फार तर कसं बोलायचं ते शिकवतो.

हे सगळं मी रिद्धपूरच्या संदर्भात लिहितोय, त्याला कारण आहे. मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथाचं. धर्मानं आपण वेगळे, पण मराठीचा इतिहास या गावाला टाळून लिहिता येत नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' इथं सिद्ध केलं. आणि इथंच गोविंदप्रभूंनी महदाइसेला गायला सांगितलं, त्यातून 'धवळे' जन्मले, ज्यांच्यामुळं तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. गोविंदप्रभू जातपात न बघता कुणाच्याही घरी जात, जेवत, हे त्यांच्या चरित्रात ठिकठिकाणी येतं. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी या गावात एका गुरूनं एका बाईला 'गा' म्हटलं आणि ती स्वतःच्या शब्दांत गायली. लग्नाची गाणी, बायकांच्या तोंडची भाषा, आणि तेच मराठीचं पहिलं धन ठरलं.

आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आलंय. २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अन् त्याच पट्ट्यातली, संत्र्याच्या तोडीला जाणाऱ्या मायबापांची एक मुलगी (नाव देत नाही, कार्यक्रमाचंही देत नाही) ऑडिशनला गेली तेव्हा तिला दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या. पहिली, "दुसरं काही येतं का, फिल्मी वगैरे?" दुसरी, "उच्चार शुद्ध करा, 'पानी' नाही, 'पाणी' म्हणा." ती भीमगीत गात होती. विहारात लहानपणापासून गाते, वंदनेच्या पाली गाथा बिनचूक म्हणते. पाली चालते, वऱ्हाडी चालत नाही. ज्या मातीत मराठी ग्रंथाची सुरुवात झाली, तिथल्या पोरीला मराठी नीट येत नाही असा निकाल कोणत्या तरी शहरातल्या हॉलमध्ये दोन मिनिटांत लागला.

येण्याजाण्याचं भाडं, दोघांची बुडालेली मजुरी, मामानं घेऊन दिलेला ड्रेस. हा खर्च कुठल्याच भागात दाखवत नाहीत. ती नाराज आहे असंही नाही. "पुढच्या वेळी फिल्मी बसवून जाईन," म्हणाली. मला खरी काळजी या वाक्याची वाटते. टीव्हीनं तिला नाकारलं यापेक्षा, टीव्हीत जाण्यासाठी तीच आपलं गाणं घरी ठेवून जायला तयार झाली.

एसएमएसचे दिवस आठवत असतील. वैशाली माडे २००८ मध्ये झी मराठीची 'सारेगमप' आणि २००९ मध्ये झी टीव्हीची हिंदी स्पर्धा जिंकली, तेव्हा अख्खा विदर्भ टीव्हीपुढं बसला होता. आमच्या वस्तीत पोरं रिचार्ज मारून मतं टाकत होती. तिचं यश शंभर टक्के तिचं आहे, पुढं 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषालसोबत तिचा आवाज देशभर गेला. पण मतांसाठी एकत्र आलेल्या माणसांचं पुढं काय झालं? काहीच नाही, निकाल लागला आणि सगळे घरी गेले.

याउलट दार्जिलिंगकडे बघा. २००७ मध्ये प्रशांत तामांग 'इंडियन आयडॉल' जिंकला. कोलकाता पोलिसातला हा गोरखा शिपाई. त्याला मतं मिळावीत म्हणून डोंगरातल्या गावांनी पैसे जमवले, समित्या केल्या. त्या हालचालीत पुढं असलेल्या बिमल गुरुंग यांनी त्याच ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला. त्या राजकारणाचं पुढं जे झालं त्याचं समर्थन मी करत नाही; पण एका गाण्याच्या स्पर्धेभोवती जमलेली माणसं संघटना होऊ शकतात, हे तिथं दिसलं. आपल्याकडे तेवढीच माणसं जमली, तेवढाच पैसा गेला, आणि तो मोबाईल कंपन्यांच्या नि वाहिनीच्या खात्यात जमा झाला.

दोष सगळा टीव्हीचा नाही, हेही बोललं पाहिजे. दुय्यम सामने कमी कुणी केले? १४ एप्रिलला लाखाचा डीजे आपणच लावतो. ज्या चौकात गायन पार्टी रात्रभर गायची, तिथं आता भिंतीएवढे स्पीकर उभे असतात आणि पार्टीचा ढोलकवाला त्याच मिरवणुकीत बाजूनं चालत असतो. मंडळाच्या वर्गणीत उस्तादाच्या मानधनाचा रकाना उरलेला नाही. जी शाळा आपण स्वतः बंद पाडली, तिच्या नावानं वाहिनीशी भांडताना आवाज थोडा खालीच निघतो.

आणखी एक विषय, ज्यावर आपल्याकडे बोललंच जात नाही: हक्क. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता करारानंही काढून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवर २०६४ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. तरीही त्यांची गाणी यूट्यूबवर शेकडो चॅनेलवर 'पारंपरिक' म्हणून पडलेली दिसतात. पारंपरिक म्हटलं की कवी पुसला जातो, आणि कवी पुसला की पैसेही कुणाला द्यायचे नसतात. कायद्यानं गाणाऱ्यालाही कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क दिलेत, ५० वर्षांचे. शोमध्ये निवड झालेल्या किती मुलांनी करारावर सही करण्याआधी हे कुणाकडून ऐकलंय?

विहारात आपण स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतो, तसाच गाण्याचा वर्ग का नको? उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस, आपल्या तालुक्यातला एखादा थकलेला कव्वाल किंवा शायर गुरू म्हणून, मानधन देऊन. मुलांनी रोज एक कडवं स्वतः लिहायचं, ही एकच अट. रेकॉर्डिंग मोबाईलवर होतं, फक्त कवीचं, गायकाचं नाव आणि तारीख सोबत नोंदवायची. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात हे भागतं. मराठी विद्यापीठाकडे मागणीही करता येईल: महदाइसेचे धवळे तुम्ही जपताच, त्याच तालुक्यातल्या गायन पार्ट्यांच्या वह्याही जपा. वह्या पुष्कळ घरांत अजून आहेत, पेटीच्या झाकणात, कपाटावर, काही उंदरांनी अर्ध्या खाल्लेल्या. त्या गोळा करायला कार्यकर्ते लागतील आणि लवकर लागतील, कारण ज्यांना त्यातल्या चाली माहीत आहेत ती माणसं सत्तरीच्या पुढं गेलीत.

ती मुलगी पुन्हा ऑडिशनला जाणार आहे. तिला जाऊ नको असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. सध्या ती फिल्मी गाणं बसवतेय, आणि आठवड्यातून एकदा गावातल्या एका जुन्या गायकाकडे बसून कडवी जोडायला शिकतेय. निवड झाली तर कराराचा कागद मराठीत मागायचा आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवायचा, एवढं तिच्या वडिलांशी ठरलंय. मोर्शीत हे काम फी न घेता करणारा एक वकील मित्र तयार आहे. तुमच्या तालुक्यात असा कुणी आहे का, ते शोधून ठेवा.