खाटेशेजारचं गाणं

एखादा गायक किंवा वादक लष्करी रुग्णालयात जखमी जवानांना भेटून आला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: जवानांचं मनोबल उंचावलं. ते वाक्य लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्यामुळे त्या भेटीकडे बघण्याची आपली नजर चुकते असं मला वाटतं. मनोबल हा सेनापतीचा हिशेब आहे. किती माणसं लढायला उभी आहेत, किती दिवस उभी राहतील, हे त्याला मोजावंच लागतं. पाय गमावून खाटेवर पडलेल्या पंचविशीतल्या मुलाकडेही आपण त्याच हिशेबाने बघू लागलो, तर तो बरा होईपर्यंत निदान काही दिवस तरी त्याला नुसता माणूस म्हणून राहण्याची संधी आपण त्याच्याकडून काढून घेतो. कलावंताच्या भेटीचं खरं मोल त्या संधीत आहे. हे नुसतं भावनेने म्हणण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धात, आपल्याच पूर्व सीमेवर, ही गोष्ट चांगली पारखली गेली आहे.

व्हेरा लिन हे नाव ब्रिटनमध्ये आजही घराघरांत माहीत आहे. 1917 मध्ये पूर्व लंडनच्या ईस्ट हॅममध्ये एका प्लंबरच्या घरी जन्मलेली ही मुलगी सातव्या वर्षापासून गात होती आणि युद्ध सुरू झालं तेव्हा फौजेची सर्वांत लाडकी गायिका ठरली. 1941 च्या नोव्हेंबरात बीबीसीवर त्यांचा ‘सिन्सियरली युअर्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. दूर देशी असलेल्या सैनिकांना उद्देशून त्या गात. प्रसूतिगृहांत जाऊन नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना भेटत आणि त्यांच्या नवऱ्यांना रेडिओवरून निरोप पोहोचवत. आज वाचताना नवल वाटतं, पण या कार्यक्रमावर मोठी टीका झाली. निवृत्त अधिकारी आणि काही खासदार यांचं म्हणणं होतं की विरहाची, घराच्या आठवणीची ही हळवी गाणी सैनिकाला मऊ करतील, त्याला लढाईच्या गाण्यांची आणि कवायतीच्या बँडची गरज आहे. बीबीसीच्या नियामक मंडळानेही कार्यक्रमाबद्दल नापसंती नोंदवली, मात्र त्याची लोकप्रियता नोंदवण्यावाचून त्यांना गत्यंतर राहिलं नाही. 1942 मध्ये बीबीसीने हळव्या, अतिभावुक गायनाला आवर घालणारं धोरणच आखलं. त्या साहेबांच्या डोळ्यांसमोर सैनिक हे एक हत्यार होतं, आणि हत्याराला धार लावायची असते, त्याच्याशी बोलायचं नसतं.

अशा टीकेनंतर 1944 च्या वसंतात व्हेरा लिन ब्रह्मदेशच्या आघाडीकडे निघाल्या. फौजेसाठी करमणुकीचे कार्यक्रम आखणाऱ्या ‘एन्सा’ या संस्थेमार्फत हा दौरा होता. जिब्राल्टर, कैरो, बसरा, मुंबई, कलकत्ता असा प्रवास करत त्या चितगावला आणि तिथून आराकानच्या बाजूला पोहोचल्या. सोबत पियानोवादक लेन एडवर्ड्‌स आणि मालमोटारीत लादलेला एक छोटा पियानो, ज्याचं त्या दमट उकाड्यात आणि कच्च्या रस्त्यांवरच्या हिसक्यांत सुरात राहणं शक्यच नव्हतं. तिथे लढणाऱ्या जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेला तिचे सैनिकच ‘विसरलेली सेना’ म्हणत. युरोपातल्या बातम्यांपुढे त्यांची बातमी मागे पडे. या सेनेच्या रुग्णालयांतली परिस्थिती काय होती याची कल्पना येण्यासाठी एक घटना पुरे. त्याच फेब्रुवारीत आराकानमधल्या सिंझवेया इथे जपानी तुकडी सातव्या भारतीय डिव्हिजनच्या मुख्य ड्रेसिंग स्टेशनात घुसली आणि तिने तिथल्या जखमींना आणि डॉक्टरांना ठार केलं. रेड क्रॉसच्या चिन्हाखालीसुद्धा जीव सुरक्षित नाही, हे ठाऊक असलेल्या माणसांमध्ये ही गायिका गेली.

तिथे त्यांनी दोन तऱ्हेची कामं केली. मोकळ्या मैदानात हजारो सैनिकांपुढे त्या गायल्या. त्याची छायाचित्रं जगभर पोहोचली आहेत. दुसरं काम म्हणजे वॉर्डांत जाऊन खाटेशी बसणं. जंतुनाशकाचा आणि गँगरीनचा एकत्र वास त्यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवला आहे. तिथे त्यांना सर्वांत जास्त विचारलं गेलं ते घराबद्दल: लंडन कसं आहे, बाँबहल्ल्यांत काय काय उरलं, लोक काय खातात, कसे राहतात. त्या नुकत्याच तिथून आल्या होत्या. त्या इथवर येऊ शकल्या म्हणजे घर फार लांब नाही, असं एका सैनिकाने त्यांना सांगितल्याचं त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. हे बोलणारा माणूस त्या घटकेला सैनिक राहिलेला नव्हता. तो कुणाचा तरी मुलगा, कुणाचा नवरा झाला होता. ज्या हळवेपणाची बीबीसीच्या साहेबांना भीती वाटली होती, नेमका तोच इथे कामाला आला. आणि त्या भीतीचं पुढे काय झालं? व्हेरा लिन त्या भागात होत्या तेव्हा कोहिमा आणि इम्फाळच्या लढाया सुरू होत्या. घराची गाणी ऐकणारी ती सेना तिथे टिकली आणि नंतर तिने जपानी फौजेला ब्रह्मदेशातून मागे रेटलं. गाण्यामुळे विजय मिळाला असा दावा मी करणार नाही, तो पोरकट ठरेल. पण गाण्याने सैनिक मऊ होतो हा आरोप मात्र तिथे खोटा ठरला.

नजर चुकली की काय होतं, याचं उदाहरणही त्याच काळातलं आहे. नोएल कॉवर्ड हा मोठा नाटककार, गीतकार आणि गायक. त्यानेही फौजेसाठी अथक कार्यक्रम केले आणि 1944 मध्ये तोसुद्धा स्लिम यांच्या सैनिकांपर्यंत येऊन गेला. त्याच्या कष्टांबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण त्याआधीच्या मध्यपूर्वेतल्या दौऱ्याची त्याची रोजनिशी 1944 मध्येच पुस्तकरूपाने आली, तेव्हा अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात संताप उसळला. रुग्णालयात पाहिलेल्या ब्रुकलिनच्या काही जखमी पोरांबद्दल त्याने लिहिलं होतं की पायात गोळी किंवा मोडलेला हात, एवढ्याशा दुखापतीने ती रडत पडली होती. कॉवर्ड निर्दय होता म्हणून हे लिहून गेला असं नाही. तो वॉर्डात धैर्य शोधायला गेला होता आणि जिथे ते दिसलं नाही तिथे त्याची निराशा झाली. जखमी माणसाने आपल्यासमोर शूर दिसावं ही अपेक्षा घेऊन जो वॉर्डात शिरतो, तो त्या माणसावर आणखी एक कामगिरी लादत असतो. रडणाऱ्या मुलाला रडू देता आलं पाहिजे, आणि त्याचं रडणं बाहेर नेऊन कुणाला सांगायचं नसतं.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. जखमीला डॉक्टर हवा, औषध हवं, वेळेवर विमान हवं. गायिकेला नेण्यात पैसा आणि जागा का दवडायची? चौदाव्या सेनेचेच आकडे बघा. स्लिम यांनी लिहून ठेवलं आहे की 1943 मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या दर एका माणसामागे आजारी म्हणून पाठवलेली 120 माणसं होती, आणि एकट्या हिवतापाचं वार्षिक प्रमाण सेनेच्या एकूण संख्येच्या 84 टक्के होतं. अशा वेळी पहिलं काम हिवतापावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्यांचं. स्लिम यांनी ते कठोरपणे केलं. गोळ्या घेतल्या जातात की नाही याची अचानक तपासणी होई, आणि जिथे हलगर्जी सापडली अशा तीन कमांडिंग ऑफिसरांना त्यांनी सरळ काढून टाकलं. आघाडीजवळच हिवतापावर उपचार करणारी केंद्रं उभी केली. 1945 पर्यंत आजारपणाचं प्रमाण रोज हजारी एकावर आलं. हे गायिकेने केलेलं नाही. पण याच सेनापतीच्या सेनेत गायिकेसाठीही जागा काढली गेली, हे आक्षेप घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. औषध आणि गाणं यांत निवड करण्याची वेळ प्रत्यक्षात फार क्वचित येते. औषधाची व्यवस्था ढिसाळ असेल तेव्हा मात्र गाण्याचा कार्यक्रम तिच्यावर पांघरूण घालायला वापरला जातो, आणि तिथे विरोध करायलाच हवा.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. संगीताचा उपयोगच हवा असेल तर हेडफोन द्या, माणूस कशाला? शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर संगीताचा काय परिणाम होतो याच्या 73 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जवळपास सात हजार रुग्णांच्या या आढाव्यात वेदना, चिंता आणि वेदनाशामक औषधांची गरज कमी झाल्याचं दिसलं. रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. हा पुरावा मी मानतो आणि प्रत्येक वॉर्डात अशी सोय असावी असंही म्हणतो. पण यंत्रातून येणारं संगीत ऐकणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू कुठल्या गावचा, आणि विसरले गेल्याचं दुःख तर ध्वनिमुद्रणाने कमी होण्यातलं नाही. आराकानमधल्या सैनिकाला व्हेरा लिन यांचा आवाज माहीतच होता. त्याला नवीन होतं ते एवढंच, की कुणीतरी आपल्यासाठी समुद्र ओलांडून आलं आहे. येण्याचे श्रम हाच त्या भेटीचा अर्धा मजकूर होता.

प्रसिद्धीचा आक्षेप मात्र मला सर्वांत जड वाटतो. कॅमेरे सोबत नेऊन केलेल्या भेटीत जखमी माणूस पार्श्वभूमीला जातो. ‘एन्सा’चे सगळेच कार्यक्रम चांगले होते असंही नाही, सैनिकांनी त्या संस्थेच्या नावाची यथेच्छ टिंगल केली होती. म्हणून भेटीची काही शिस्त असावी लागते. खाटेवरच्या माणसाला नको म्हणायचा हक्क असला पाहिजे. गाणं त्याच्या पसंतीचं असलं पाहिजे. छायाचित्र काढायचंच झालं तर त्याच्या परवानगीने, आणि शक्यतो काढूच नये.

या गोष्टीत आपला वाटा कुठे आहे, हेही पाहायला हवं. चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक भारतीय होते. 1944 च्या मार्चअखेरीस इम्फाळजवळच्या सांगशाकच्या टेकडीवर मराठा पलटणीची चौथी बटालियन पाण्याच्या टंचाईत चार दिवस झुंजली होती. तिथल्या जखमी मराठी जवानाला इंग्रजी विरहगीत काय देणार? भारतीय जवानांसाठी ‘फौजी दिलखुश सभा’ ही वेगळी व्यवस्था होती, पण ज्यांच्या भेटीची इतिहासात नोंद राहिली त्या बहुतेक इंग्रजी गाणाऱ्याच. माझा मुद्दा यातून अधिकच पक्का होतो. माणसाला घराजवळ नेणारं गाणं त्याच्या घरच्या भाषेतलं असतं. कोकणातल्या जवानाला भजनाची बारी, साताऱ्याकडच्याला गावच्या जत्रेतली लावणी, कुणाला आई जात्यावर म्हणायची ती ओवी, कुणाला नुसतं एक जुनं सिनेगीत. देशभक्तीपर गीतांचा ठरावीक संच वॉर्डात घेऊन जाणं सोपं पडतं, म्हणून आपण तेच करतो. मैदानावरच्या कार्यक्रमाला ते शोभतं. देशासाठी काय द्यायचं असतं, हे तोडलेल्या पायाकडे बघणाऱ्या मुलाला गाण्यातून समजावण्याची काहीच गरज नसते. ते त्याने आधीच दिलेलं असतं.

याच 1944 मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. ते आजही जवानांना पाय आणि हात बसवून देतं. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात कंबरेखाली लुळे पडलेले जवान वर्षानुवर्षं राहतात. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं ‘अश्विनी’ रुग्णालय आहे. महाराष्ट्रात गायक-वादकांची वाण नाही, आणि ही ठिकाणं मैफलीच्या शहरांपासून पाऊण तासाच्याही अंतरावर नाहीत. युद्ध नसतं तेव्हाही इथल्या खाटा रिकाम्या नसतात. हिमकडा कोसळून, सुरुंगावर पाय पडून, वाहन दरीत जाऊन जायबंदी झालेली माणसं येतच राहतात, आणि त्यांच्याबद्दलची बातमी एका दिवसात संपते. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी सोडून उरलेल्या दिवसांत, विशेषतः बातमी विसरली गेल्यानंतरच्या महिन्यांत, भेटीची खरी निकड असते.

आणि या सगळ्यात परिचारिका, वॉर्डबॉय, फिजिओथेरपिस्ट, शल्यचिकित्सक यांचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही. जखमी जवान बरा होऊन जातो किंवा जात नाही. त्याच्या जागी दुसरा येतो, आणि ही माणसं तिथेच असतात. रात्री ड्रेसिंग बदलताना जो ओरडा ऐकावा लागतो तो त्यांनी घरी जाऊन सांगायचा नसतो. कार्यक्रम असला की खुर्च्या लावण्यापासून व्हीलचेअर ढकलण्यापर्यंतची कामं त्यांच्याकडेच येतात आणि गाणं सुरू होतं तेव्हा ती दाराशी उभी असतात. कलावंताने जाण्यापूर्वी वॉर्डच्या नर्सिंग ऑफिसरला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: आज कुणाला गाणं नको आहे, आणि ड्युटी केव्हा बदलते. मग एक बैठक वॉर्डात व्हावी आणि दुसरी, जमल्यास रात्रपाळी संपण्याच्या वेळेला, केवळ कर्मचाऱ्यांसाठी, त्यांच्या विश्रांतीच्या खोलीत. त्यासाठी ध्वनिक्षेपक लागत नाही, मंच लागत नाही. एक पेटी आणि तबला पुरतो.