नकाशात नसलेली शांतता

गोमती नगरपासून काही किलोमीटरवरील कुकरैलच्या राखीव जंगलात १९७८ पासून घडियालांचे संवर्धन केंद्र आहे. २०२२ मध्ये उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाने तेथेच रात्रीच्या सफारीला मंजुरी दिली. पर्यटकांमागून कॅमेरे येतात, आणि कॅमेऱ्यांना आता पंख फुटले आहेत. अशा जंगलावर ड्रोन उडवण्यास मनाई कोणी करायची, हा प्रश्न मात्र दोन खात्यांच्या मधोमध लोंबकळतो आहे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१८ च्या नियमावलीत राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांचा स्पष्ट उल्लेख होता. पूर्वपरवानगीविना तेथे उड्डाण निषिद्ध होते. २०२१ च्या ड्रोन नियमांनी ती यादी जाऊन हिरव्या, पिवळ्या व लाल क्षेत्रांचा नकाशा आला. उद्योगाच्या दृष्टीने ही सुटसुटीत व्यवस्था स्वागतार्ह खरीच. परंतु विमानतळाचे अंतर आणि उंचीचे फूट मोजणाऱ्या नियमांत विणीच्या हंगामाला स्थान नाही. राज्याला तात्पुरते लाल क्षेत्र घोषित करता येते, तेही एका वेळी ९६ तासांपुरते. मोर्चाच्या बंदोबस्ताला तेवढे पुरते, घरट्याला नाही.

राहिला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याची २७ व २८ ही कलमे अभयारण्यातील प्रवेश, छायाचित्रण व प्राण्यांना होणारा त्रास यांचे नियमन करतात. पण ती लिहिली गेली माणूस स्वतः आत शिरतो असे गृहीत धरून. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या गच्चीवरून आत डोकावणारा त्यांत नीट बसत नाही. कुकरैल तर अभयारण्यही नव्हे.

हानी काल्पनिक नाही. मिनेसोटातील अस्वले ड्रोन डोक्यावर आला तरी बाह्यतः शांत राहत, पण त्यांच्या हृदयाचे ठोके वाढत, असे २०१५ च्या अभ्यासात आढळले. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये एक ड्रोन कोसळताच सुरय पक्ष्यांनी दीड हजारांवर अंडी टाकून दिली.

यंत्र वाईट नव्हे. लखनौनजीक रहमानखेड्यात वावरणारा वाघ मार्च २०२५ मध्ये पकडला गेला, तेव्हा माग काढण्यास ड्रोनच कामी आले होते. मात्र तेथे उड्डाणाची जबाबदारी वनखात्याची होती. खासगी उड्डाणाबाबतही परवानगीचा अधिकार त्याच खात्याकडे असावा आणि संरक्षित जंगले नकाशावर कायमची लाल व्हावीत. तसा प्रस्ताव केंद्राकडे धाडण्यास राज्यांना नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.