समुद्र कोणाचा?

गेटवेवरून यॉट भाड्याने घेऊन नवरा-बायकोने घारापुरीपर्यंत फेरी मारून यावे, ही मुंबईत आता नवलाई राहिलेली नाही. त्यांच्या सुखाचा मला मत्सर नाही. पण फोटोत मागे दिसणाऱ्या त्या हिरव्या बेटावर माणसे राहतात, हे कितीजणांच्या ध्यानात येते?

राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तिथे तीन गावे आहेत. १९८७ साली लेणी जागतिक वारसा ठरली. गावांत मात्र संध्याकाळी काही तास जनरेटर चाले. कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकल्यावर! ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तोही आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

आमच्या कॉटन ग्रीनची कथा निराळी नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर. पण मध्ये गोदामे आणि बंदराच्या भिंती. माझे वडील माथाडी. जहाजातून उतरलेला माल त्यांनी आयुष्यभर पाठीवर वाहिला. लाँचने तासाभरावर असलेली घारापुरी मात्र पाहिली नाही. रोजगार बुडवून सहलीला कोण जाणार?

पूर्वकिनारा खुला करण्याच्या गोष्टी अधूनमधून निघतात. मित्रहो, तेव्हा यॉटच्या धक्क्याआधी किनाऱ्यापर्यंत जाणारी एक फुकट वाट आणि बसायला चार बाक आपण मागितले पाहिजेत. समुद्राचे ओझे ज्यांनी वाहिले, त्यांचा त्याच्या वाऱ्यावरही हक्क आहे.