लेखणीला बळ देणाऱ्या कविता



निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला, की वर्ग एकदम शांत होतो. कोणी पेन्सिलीला टोक काढतो, कोणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. 'मला लिहिता येणार नाही' ही भीती मनात घर करते. मराठी लिहिताना तर ती अधिकच वाढते. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी, मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी. उर्दूत नपुंसकलिंगच नाही, मग गोंधळ होणारच! व्याकरण ही चूक सुधारते. पण लिहिण्याचा धीर कोण देणार? माझ्या मते, ज्या कवितांत कवी स्वतःच्या लेखनाविषयी बोलतात, त्या कविता हा धीर देतात.

काही जण म्हणतील, "कवीच्या लेखनाशी आमचा काय संबंध? आम्हांला थोडेच कवी व्हायचे आहे?" हा आक्षेप मला पटत नाही. पोहणाऱ्याकडे पाहून पाण्याची भीती कमी होते. त्यासाठी मोठा जलतरणपटू व्हावे लागत नाही.

संत तुकारामांचेच उदाहरण घ्या. सतराव्या शतकात देहू गावी राहणाऱ्या या संताने दुष्काळाचे चटके सोसले. त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणी नदीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. तरीही शब्दांचे मोल ते सोन्यानाण्याहून कमी मानीत नाहीत. ज्याच्याजवळ शब्द आहेत तो गरीब नाही, हा विश्वास त्यांचे अभंग आपल्याला देतात.

उर्दूचे थोर कवी फ़ैज़ अहमद फ़ैज़ यांना १९५१ साली पाकिस्तानात अटक झाली. ते तुरुंगात असतानाच, १९५२ साली, त्यांचा 'दस्त-ए-सबा' हा संग्रह प्रसिद्ध झाला. लेखणी आणि कागद हिरावून घेतले तरी कवीची वाणी बंद पडत नाही, हा भाव त्यात आहे. हे वाचल्यावर 'माझ्याजवळ चांगले पेन नाही' किंवा 'घरात जागा नाही' या आपल्या सबबी किती लहान वाटू लागतात!

तिसरे नाव नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांचे. या अनाथ मुलाला मुंबईच्या एका गिरणी कामगाराने वाढवले. सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली आणि पुढे ते शिक्षक झाले. १९६६ साली त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह निघाला. कामगारांची वस्ती आणि रस्ता हीच त्यांची शाळा होती, हे त्या नावातूनच कळते. मग भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाचा खडखडाट, वडिलांची हातगाडी, आईचे शिवणयंत्र हे तुमच्या लेखनाचे विषय का होऊ नयेत?

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. लिहिणे सोपे असते, असे यांपैकी कोणीही म्हणत नाही. कष्ट, विरोध आणि गरिबी असूनही लिहिता येते, एवढेच ते सांगतात. म्हणूनच त्यांचे उत्तेजन खोट्या स्तुतीसारखे दोन दिवसांत विरून जात नाही. पण नुसत्या वाचनाने मिळालेली स्फूर्ती फार काळ टिकत नाही. कविता वाचा आणि रोज मराठीत पाच ओळी लिहा. चुका होतील, त्या शिक्षक दुरुस्त करतील. कोऱ्या पानावर मात्र कोणीच काही दुरुस्त करू शकत नाही.

आणि मराठी फार परकी आहे, असेही समजू नका. कागद, कलम, दौत, शाई हे लेखनाचे सारे सामान फारसीच्या वाटेने मराठीत आले आहे. तुमच्या उर्दूतही काग़ज़, क़लम, दवात आणि सियाही आहेतच. सामान ओळखीचे आहे. आता हात चालवायचा आहे तो तुम्हीच.