विमानाखाली सापडलेल्याने दावा कुठे लावायचा?

२८ जून २०१८ रोजी जुहूच्या किनाऱ्यालगतच्या धावपट्टीवरून चाचणीसाठी उडालेले एक लहान विमान घाटकोपरच्या भरवस्तीत, अर्धवट बांधकामावर कोसळले. विमानातले चौघे गेले. खाली रस्त्यावरचा एक पादचारीही गेला. बांधकामावरचे मजूर जेवणाच्या सुट्टीमुळे वाचले. सुट्टी हेच त्यांचे संरक्षण!

वैमानिकांनी वस्ती वाचवली म्हणून स्तुती झाली. व्हायला हरकत नाही. पण पादचाऱ्याच्या वारसांनी जायचे कुठे? १९७२ चा हवाई वाहतूक कायदा बोलतो तो प्रवासी, सामान आणि मालाबद्दल. खालून चालणारा त्यात बसत नाही. टेम्पोखाली सापडलेल्याच्या वारसांना आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, कुणाचाही दोष शाबीत न करता, न्यायाधिकरणाकडे ५ लाख रुपये मागता येतात. विमान पडले तर मात्र १८५५ चा, म्हणजे कंपनी सरकारच्या काळातला, प्राणघातक अपघात कायदा काढायचा, दिवाणी दावा लावायचा आणि निष्काळजीपणा शाबीत करत बसायचे. सरकारी चौकशी होते, पण दोष ठरवणे तिचे काम नाही.

१ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम आला. त्यातही असे न्यायाधिकरण नाही. त्याच वर्षी १२ जूनला अहमदाबादेत जमिनीवरचे १९ जण मेले.

आम्ही बेलापूरकर हे दुरून पाहत नाही. पोटासाठी मुंबईच्या बांधकामांवर आपलेच बांधव राबतात आणि २०१७ पासून काकडीच्या विमानतळावर, आपल्याच जिल्ह्यात, विमाने उतरतात. मोटार अपघातासारखे दोषाविना भरपाईचे कलम या अधिनियमात घाला आणि दावा जिल्ह्याच्या ठिकाणी चालवा, ही मागणी आपल्या खासदारांपुढे लेखी ठेवली पाहिजे.